फ्लोम ते गेइरांगर: नकाशावर बोटभर, रस्त्यावर दिवसभर

"फ्लोमहून गेइरांगरला जायला पाच तास? नकाशावर तर बोटभर अंतर दिसतंय!" नॉर्वेला निघालेल्या ओळखीच्या माणसांनी हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला आहे, की शेवटी सगळं एका जागी लिहून ठेवायचं ठरवलं. नकाशावर पट्टी ठेवली तर ही दोन गावं एकमेकांपासून दीडशे किलोमीटरवरसुद्धा नाहीत. रस्त्यानं मात्र अंतर अडीचशेच्या घरात जातं, वाटेत गाडी बोटीवर चढवावी लागते, आणि चार ठिकाणी थांबलं की दिवस संपतो.

बेत बहुतेक घरांत असाच आखला जातो. पहिल्या दिवशी बर्गन ते फ्लोम, दुसऱ्या दिवशी गेइरांगर, तिसऱ्या दिवशी ट्रोलस्टिगेनचा घाट उतरून अटलांटिक रस्ता, चौथ्या दिवशी परत. आपल्याकडे द्रुतगती मार्गावर तीनशे किलोमीटर म्हणजे एका सकाळचं काम, त्या हिशोबानं हे सहज जमेलसं वाटतं. प्रत्यक्षात गाडी चालवणारा घड्याळाकडे बघत राहतो, मुलं मागे झोपून जातात, आणि ज्यासाठी एवढ्या लांब आलो ते काचेबाहेरून मागे पडत जातं.

दोष रस्त्यांचा नाही, रस्ते उत्तम आहेत. पण ही जमीन बर्फानं घडवलेली आहे आणि रस्त्याला तिथं जमिनीचं ऐकावंच लागतं. बर्फानं नेमकं काय केलं हे एकदा कळलं, की वेळ कुठे लागेल, कुठला घाट कधी उघडा असेल, कुठे मुद्दाम रेंगाळावं, हे बरंचसं आपलं आपल्यालाच उमगतं.

फ्योर्ड म्हणजे मोठी खाडीच ना?

फोडनेस ते मानहेलर या फेरीवर आमची गाडी चढली तेव्हा आई म्हणाली, "ही तर आपली दाभोळची फेरी." आईचं माहेर गुहागरकडचं, दाभोळ–धोपावे फेरीबोटीनं ती कितीदा गेली असेल. तिचं म्हणणं निम्मं बरोबर होतं. समुद्र जमिनीत आत शिरलेला, समोरचं गाव दिसतंय पण रस्त्यानं जायचं तर लांबचा वळसा, म्हणून गाड्या बोटीवर. इथपर्यंत दोन्ही सारखंच.

फरक पाण्याखाली आहे. कोकणातली खाडी नदीनं कोरलेली. तिच्यात गाळ साचतो, ओहोटीला बोटीला पाणी कमी पडतं. फ्योर्ड हिमनदीनं कोरलेला असतो. हिमनदी म्हणजे बर्फाची नदी: वर्षानुवर्षं साचलेलं हिम स्वतःच्याच वजनाखाली दबून घट्ट बर्फ होतं आणि उताराकडे अगदी सावकाश सरकू लागतं. गेल्या पंचवीस-सव्वीस लाख वर्षांत स्कॅंडिनेव्हियावर बर्फाचे थर अनेकदा चढले आणि उतरले. जाडी कुठे कुठे दोन-तीन किलोमीटर होती. शेवटचा थर पश्चिम नॉर्वेतल्या दऱ्यांमधून हटला त्याला दहा हजारांच्या आसपास वर्षं झाली. भूगर्भाच्या हिशोबात हे कालचंच.

बर्फ तर मऊ, मग तो खडक कसा कापतो? जातं आठवा. दाणे भरडते ती पाळी, आपला हात तिला फक्त फिरवतो. हिमनदीच्या पोटात आणि तळाशी लाखो दगड अडकलेले असतात. वरून शेकडो मीटर बर्फाचा भार, खाली दगड, आणि त्याखाली खडक. हे जातं हजारो वर्षं फिरत राहिलं. त्यातून निघालेलं पीठसुद्धा आजही दिसतं. हिमनदीतून येणाऱ्या ओढ्यांत खडकाची इतकी बारीक भुकटी असते की ती तळाशी बसत नाही, पाण्यातच तरंगत राहते. तिथल्या तलावांचा तो दुधाळ हिरवा रंग या भुकटीचा. फोटो बघून अनेकांना वाटतं की रंग वाढवलाय. नाही, तो तसाच आहे.

नदी करवतीसारखी फक्त तळ कापत जाते आणि बाजू मागून ढासळतात, म्हणून तिची दरी खाली निमुळती होते. हिमनदी दरी काठोकाठ भरून चालते. ती तळही घासते आणि भिंतीही, म्हणून तिची दरी पन्हळीसारखी: तळ सपाट, बाजू उभ्या. बाजूच्या लहान हिमनद्यांना एवढं खोल कापणं जमलं नाही. बर्फ वितळल्यावर त्यांच्या दऱ्या मुख्य दरीच्या भिंतीवर अधांतरी राहिल्या, आणि आता त्यांच्यातलं पाणी थेट खाली कोसळतं. गेइरांगरचा ‘सात बहिणी’ हा धबधबा असाच, उंचावर कापल्या गेलेल्या कड्यावरून उतरणारा.

आणखी एक गोष्ट चमत्कारिक वाटते. फ्योर्ड तोंडाशी उथळ आणि आत खोल असतो. विसर्जनाची मिरवणूक डोळ्यांसमोर आणा. अरुंद गल्लीत गर्दी दोन्ही बाजूंच्या भिंतींना रेटत पुढे सरकते, दर कोपऱ्यावर आणखी एक मंडळ येऊन मिळतं, रेटा वाढतच जातो. चौपाटी आली की तीच गर्दी पांगते आणि रेटा संपतो. डोंगरांमध्ये कोंडलेल्या हिमनदीला बाजूच्या हिमनद्या येऊन मिळत गेल्या, तिनं तळ खोल खोल खणला. मोकळ्या किनाऱ्यावर पोचताच ती पसरली, पातळ झाली आणि तिचं खणणं थांबलं. पुढे समुद्राचं पाणी त्या खंदकात शिरलं. सोग्नफ्योर्ड हा नॉर्वेतला सर्वांत लांब फ्योर्ड. समुद्रापासून आत सुमारे २०५ किलोमीटर, आणि सर्वांत खोल जागी १,३०० मीटर. आपलं कळसूबाई त्याच्या तळावर ठेवलं तर वर जेमतेम साडेतीनशे मीटर राहील. काठावरचे डोंगर आणखी हजार-दीड हजार मीटर उंच. म्हणजे गाडीतून आपल्याला भिंतीचा वरचा अर्धाच भाग दिसतो.

जो पूर्वी रस्ता होता

इथल्या माणसाला फ्योर्ड कधी अडथळा वाटला नव्हता. उलट तोच रस्ता होता. बोटीनं चर्चला जायचं, बोटीनं लग्नाची वऱ्हाडं, बोटीनं मासळी आणि गवत. म्हणून गावांची तोंडं पाण्याकडे आहेत आणि पाठ डोंगराला. अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे हे पाणी हिवाळ्यातही सहसा गोठत नाही. ग्रीनलंडचं दक्षिण टोक जवळपास याच अक्षांशावर येतं, आणि इथं मात्र हार्डांगर फ्योर्डच्या काठावर सफरचंदाच्या बागा आहेत.

मोटारगाडी आली आणि सगळं उलटलं. जो रस्ता होता तोच गाडीच्या आड आला. अभियंत्यांपुढे तीनच वाटा उरल्या: डोंगरावरून, डोंगराच्या पोटातून किंवा पाण्यावरून. नॉर्वेतला कुठलाही लांबचा प्रवास या तिघांची गुंफण असतो.

डोंगरावरून जायची वाट सर्वांत जुनी. स्ट्रीनच्या डोंगरावरचा जुना रस्ता १८९४ साली खुला झाला. पहार, फावडं आणि हात यांनी बांधलेला. कडेला उभे केलेले दगडी कठडे आजही जागेवर आहेत. २७ किलोमीटरचा हा रस्ता आता मुख्य वाहतुकीतून सुटला आहे, आणि मला विचाराल तर ट्रोलस्टिगेनपेक्षा हाच आधी बघावा. ट्रोलस्टिगेन प्रसिद्ध आहे ते त्याच्या ११ आवळ वळणांमुळे. १९३६ साली राजा सातवा होकोन याच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. उभ्या भिंतीवर तो रस्ता चढवला कसा, हे बघून माणूस गप्प होतो. पण उन्हाळ्याच्या दुपारी तिथं बसगाड्यांची रांग लागते. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर जा. जूनमध्ये उजेडाची काळजी नाही, बर्गनच्या अक्षांशावर तेव्हा जवळपास १९ तासांचा दिवस असतो.

पोटातून जायची वाट म्हणजे बोगदे. देशात हजाराहून जास्त रस्ता-बोगदे आहेत. आणि पाण्यावरून जायची वाट म्हणजे फेरी, तिचे शंभराहून जास्त मार्ग. तिथल्या लोकांना हे पर्यटन वाटत नाही. शाळेची बस, दुधाचा टँकर, रुग्णवाहिका, सगळं त्याच बोटीवर चढतं.

एवढा श्रीमंत देश, मग पूल का बांधत नाही?

हा आक्षेप हमखास येतो. उत्तर असं, की जमतो तिथे बांधतातच. हार्डांगर फ्योर्डवर २०१३ साली झुलता पूल झाला, दोन मनोऱ्यांमधला गाळा १,३१० मीटरचा. पुलाच्या दोन्ही टोकांना डोंगर इतके उभे की रस्ता वळवायला सपाट जागाच नव्हती, म्हणून चौकच डोंगराच्या पोटात कोरले. पूल संपतो आणि गाडी निळ्या उजेडातल्या गोल गुहेत शिरते. मुलांना हे फार आवडतं.

पण सोग्नफ्योर्ड वेगळं प्रकरण आहे. किनाऱ्यालगत क्रिस्टियानसान ते ट्रोनहाइम असा सुमारे १,१०० किलोमीटरचा ई-३९ महामार्ग जातो. त्यावरच्या फेऱ्या एकेक करून कमी करायच्या असं सरकारनं बऱ्याच वर्षांपूर्वी ठरवलं आणि त्यावरून तिथं सतत वाद चालू असतो. हा महामार्ग सोग्नफ्योर्ड जिथं ओलांडतो तिथं पाणी सुमारे ३.७ किलोमीटर रुंद आणि १,२५० मीटर खोल आहे.

झुलता पूल? जगातला आजचा सर्वांत लांब गाळा तुर्कस्तानात, २,०२३ मीटरचा. इथं त्याच्या पावणेदोनपटीहून जास्त हवा. मधे खांब? तो बुर्ज खलिफाच्या दीडपट उंच लागेल, आणि तेवढं करून फक्त पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत पोचेल. बरं, पाण्याखालून बोगदा? इथं साधा हिशोब करू. दर शंभर मीटरला पाच मीटर असा उतार धरला तर १,२५० मीटर खाली जायला २५ किलोमीटर लागतात, वर यायला तेवढेच. पावणेचार किलोमीटरचं पाणी ओलांडायला पन्नास किलोमीटरचा बोगदा, तोही तळाच्या खाली जाडजूड खडक न धरता. उतार वाढवला तर अवजड ट्रक चढताना दमतात आणि उतरताना त्यांचे ब्रेक तापतात. बोगद्यात आग लागण्याचं ते एक मोठं कारण आहे.

जिथं फ्योर्डचं तोंड त्या मानानं उथळ, तिथे हाच हिशोब जुळतो. स्टावांगरजवळचा रिफिल्के बोगदा १४.४ किलोमीटरचा आहे आणि समुद्रसपाटीखाली २९२ मीटरपर्यंत उतरतो. २०१९ च्या डिसेंबरअखेर तो सुरू झाला. त्याच भागात रोगफास्ट नावाच्या आणखी लांब बोगद्याचं काम चालू आहे. सुमारे २७ किलोमीटर लांब, ३९० मीटर खोल. सोग्नसाठी तरंगते पूल, एवढंच काय, पाण्यात वीस-तीस मीटर खाली तरंगत्या नळीतून जाणारा रस्ता, अशाही कल्पना मांडल्या गेल्या. तरंगता पूल ही कविकल्पना नव्हे. बर्गनच्या उत्तरेला १९९४ पासून तसा एक वापरात आहे. पण सोग्नवर आजही लाविक–ओपेडाल फेरीच चालते, वीस मिनिटांची.

याच फेरीवर २०१५ साली ‘अँपिअर’ ही जगातली पहिली पूर्ण विजेवर चालणारी मोटार-फेरी आली. अडचण अशी होती, की बोटीला धक्क्यावर मोजकी मिनिटं मिळणार, तेवढ्यात बॅटरी भरायची तर एकदम खूप वीज लागणार, आणि लहान गावांच्या तारांना तो भार झेपेना. तोडगा आपल्या सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीसारखा काढला. नळाला धार बारीक, म्हणून टाकी दिवसभर भरत ठेवायची आणि हवं तेव्हा भसकन पाणी घ्यायचं. धक्क्यावर मोठ्या बॅटऱ्या बसवल्या. त्या सावकाश भरत राहतात आणि बोट आली की तिच्यात वीज ओततात.

बोगदा घ्यावा की वरची वाट?

ऑरलंड आणि लेर्दाल या दोन गावांमध्ये या प्रश्नाचं सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. खालून २४.५ किलोमीटरचा लेर्दाल बोगदा, २००० सालच्या नोव्हेंबरात सुरू झालेला, रस्त्यावरच्या बोगद्यांत जगातला सर्वांत लांब. पार करायला वीसेक मिनिटं. इतका वेळ एकसारखा अंधार बघून चालकाला गुंगी येऊ नये म्हणून आत तीन ठिकाणी मोठ्या गुहा कोरल्या आहेत. तिथं निळा आणि पिवळा उजेड आहे, पहाट झाल्यासारखा. डोळ्याला बदल मिळाला की मेंदू जागा होतो, एवढाच त्यामागचा विचार.

वरून तोच टप्पा म्हणजे ऑरलंडच्या डोंगरावरचा जुना रस्ता, ४७ किलोमीटर, सर्वांत उंच जागी १,३०६ मीटर. तिथले लोक त्याला ‘बर्फाचा रस्ता’ म्हणतात, कारण जूनमध्येही कडेला हिमाच्या भिंती असतात. चढाच्या सुरुवातीलाच स्टेगास्टाइन नावाचा लाकडी सज्जा फ्योर्डपासून ६५० मीटर उंचीवर हवेत पुढे काढलेला आहे. त्याच्या टोकाला फक्त काच. खाली ऑरलंड फ्योर्ड, आणि आत्ता वर वाचलेली ती पन्हळ जशीच्या तशी समोर: सपाट तळ, उभ्या भिंती, अधांतरी दऱ्या.

खालचा रस्ता लोकांच्या रोजच्या कामासाठी आहे. बारा महिने, वादळातही, ओस्लो आणि बर्गन जोडलेले राहावेत म्हणून. तुम्ही सुट्टीवर आहात. वरचा रस्ता उघडा असेल तर तासभर जास्त गेला तरी वरूनच जा. अशा वाटा सहज सापडाव्यात म्हणून सरकारनं देशभरात १८ रस्ते ‘राष्ट्रीय पर्यटन मार्ग’ म्हणून ठरवले आहेत. त्यांवरचे सज्जे, बाकं, स्वच्छतागृहंसुद्धा चांगल्या वास्तुरचनाकारांकडून करून घेतली आहेत. गुगल मॅप आपल्याला नेहमी बोगद्यात ढकलतो, म्हणून मधलं एखादं ठिकाण हातानं टाकून मार्ग वळवावा लागतो.

मे महिन्याची सुट्टी आणि बंद घाट

मराठी कुटुंबांची खरी पंचाईत इथे होते. आपल्या शाळांची सुट्टी एप्रिल-मेमध्ये आणि जूनच्या मध्यावर शाळा सुरू. नॉर्वेतले उंच घाट नेमके तेव्हा हिमाखालून बाहेर येत असतात. काही मेच्या पूर्वार्धात उघडतात, ट्रोलस्टिगेन साधारण मेच्या उत्तरार्धात, ऑरलंडचा डोंगर आणि स्ट्रीनचा जुना रस्ता जूनच्या आसपास. तारीख दर वर्षी बदलते. पावसाळ्यात वरंधा घाट बंद असल्याची बातमी आपण जशी बघून निघतो, तसं तिथल्या रस्ते विभागाच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी बघायचं.

"यंत्रं लावून हिम बाजूला का करत नाहीत?" करतात. बरेच महत्त्वाचे घाट हिवाळाभर चालू ठेवतात, कधी कधी गाड्यांना हिम उपसणाऱ्या ट्रकच्या मागे ओळीनं सोडतात. पण उभ्या भिंतीवरच्या रस्त्याला खरं भय वरून येणाऱ्या हिमलोटाचं असतं. ट्रोलस्टिगेनवर रस्ता साफ केला तरी वरचा डोंगर साफ करता येत नाही.

मग मेमध्ये जाऊच नये का? जावं, पण बेत पाण्याच्या पातळीवरचा आखावा. वरचं हिम वितळत असल्यानं धबधबे तेव्हा सर्वांत भरलेले असतात. हार्डांगरच्या सफरचंदाच्या बागा मेमध्ये फुलतात, वर पांढरा डोंगर आणि खाली पांढऱ्या बागा. १७ मे हा त्यांचा राष्ट्रीय दिवस, १८१४ च्या राज्यघटनेचा. त्या दिवशी गावोगाव मुलांच्या मिरवणुका निघतात आणि माणसं पारंपरिक पोशाखात रस्त्यावर येतात. दुकानं बंद असतात, तेव्हा दूध-ब्रेड आदल्या दिवशी घ्या. घाट आणि फ्योर्ड दोन्ही हवे असतील तर मेच्या अखेरीपासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ आपल्या सुट्टीत बसतो. दिवाळीच्या सुट्टीत मात्र ही सहल आखू नये. दिवस लहान झालेले असतात आणि वरचे रस्ते एकेक करून बंद होत असतात.

डोंगर अंगावर आला तर?

ही भीती खोटी नाही आणि ती हसण्यावारी नेऊ नये. २०२४ च्या उन्हाळ्यात दगड कोसळल्यामुळे ट्रोलस्टिगेन ऐन हंगामात बंद करावा लागला होता.

कारण पुन्हा बर्फच. हिमनदीनं भिंती उभ्या कापल्या, पण ती असेपर्यंत तिनंच त्यांना आतून टेकूही दिला होता. ती गेली आणि टेकू निघाला. त्यानंतर दर हिवाळ्यात भेगांमध्ये शिरलेलं पाणी गोठतं. गोठताना पाणी फुगतं, फ्रीझरमध्ये विसरलेली बाटली फुटते ते याचमुळे. एकेका मिलीमीटरनं भेग रुंदावत जाते.

७ एप्रिल १९३४ च्या पहाटे गेइरांगरच्या शेजारच्या ताफ्योर्डमध्ये डोंगराचा मोठा तुकडा पाण्यात पडला. अरुंद फ्योर्डमध्ये पाण्याला पसरायला जागा नसते, म्हणून लाट एका ठिकाणी ६२ मीटरपर्यंत चढली. ४० माणसं गेली. लहान गावांत ४० म्हणजे घरटी कुणी ना कुणी.

आज गेइरांगरच्या वाटेवर ओकनेसेत नावाचा डोंगर आहे, त्याची भेग दर वर्षी काही सेंटीमीटरनं उघडते आहे. तो कधी तरी पडणार हे तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून त्याच्यावर रात्रंदिवस उपकरणांची नजर आहे. मोठा कडा सुटायच्या आधी त्याची सरकण्याची गती वाढत जाते, आणि त्यावरून गावं रिकामी करायला वेळ मिळावा अशी ती व्यवस्था आहे. ती काम करते याचा दाखला जवळच मिळाला. ट्रोलस्टिगेनच्या पायथ्याकडच्या रॉम्सडाल दरीत ‘वेस्लेमानेन’, म्हणजे ‘छोटा माणूस’, नावाचा कडा होता. २०१४ पासून पाच वर्षांत तिथल्या लोकांनी १६ वेळा घरं सोडली आणि पुन्हा पुन्हा कडा जागेवरच राहिला. लोक वैतागले. तरी दर इशाऱ्याला ते निघत राहिले, आणि ते निघालेले असतानाच, ५ सप्टेंबर २०१९ रोजी, तो अखेर कोसळला. कुणालाही इजा झाली नाही. आपल्याकडे माळीण, तळिये, इरशाळवाडी ही नावं घेताना जीव कालवतो. सोळा वेळा घर सोडण्याची ती गोष्ट म्हणूनच मला तिथल्या कुठल्याही धबधब्यापेक्षा मोठी वाटते.

प्रवाशानं काय करायचं? रस्ता बंदचा फाटक बंद असेल तर वळायचं. दगड पडण्याची पाटी असलेल्या जागी फोटोला थांबायचं नाही. एवढं पुरेसं आहे.

आपल्याला गाडी चालवता येईल का?

येते. आरटीओकडून वर्षभर चालणारा आंतरराष्ट्रीय परवाना घ्या आणि मूळ परवानाही सोबत ठेवा, भाड्याची गाडी देणारे दोन्ही मागतात. वाहतूक उजव्या बाजूनं चालते, पहिला दिवस शहराबाहेर सावकाश घालवला की हाताला सवय होते. दिवसाही हेडलाइट लावणं सक्तीचं. गावाबाहेर साधारण ताशी ८०, गावात ५०, आणि दंड इतके जबर की वेग मोडायचा विचार नको. दारूची मर्यादा आपल्यापेक्षाही कडक आहे, चालवणार असाल तर एक घोटही घेऊ नका.

अरुंद रस्त्यावर निळ्या पाटीवर ‘एम’ अक्षर दिसलं की समजा, ही समोरच्या गाडीला वाट द्यायची जागा. मागे स्थानिक गाडी आली तर अशाच जागी बाजूला होऊन तिला पुढे जाऊ द्या, त्यांना कामावर जायचं असतं. वळणावर हॉर्न वाजवायची आपली घाटातली सवय मात्र इथंच ठेवून जा.

टोलनाक्यावर थांबावं लागत नाही. कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो, बहुतेक फेऱ्यांवरही तसंच, आणि रक्कम मागाहून गाडी भाड्यानं देणाऱ्याकडून तुमच्या कार्डावर येते. तिच्यासाठी आधीच पैसे बाजूला ठेवा. विजेची गाडी चढावर संपेल का, अशी शंका लोक घेतात. त्या देशात २०२४ साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ विजेच्या होत्या, चार्जिंग दुर्गम गावांतही आहे, आणि चढताना गेलेली थोडी वीज घाट उतरताना परत मिळते.

खर्च जास्तच आहे, त्यावर तोड नाही. किराणा दुकानातून सामान घेऊन स्वयंपाकघर असलेल्या लाकडी खोलीत राहणं हा सर्वांत शहाणा मार्ग. कूकर लहान न्या. आणि पाऊस? बर्गनमध्ये वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो, समुद्रावरचे ढग डोंगराला अडतात म्हणून, सह्याद्रीत पडतो तसाच. फ्योर्डच्या भिंतींवर पावसात नवेच धबधबे फुटतात. पावसाळी माळशेज ज्यांना आवडतो त्यांना वेगळं सांगायला नको.

मग बोटीनंच का जाऊ नये?

शेवटच्या टप्प्याला जावंच. हेलेसिल्टहून गेइरांगरला गाडीसकट नेणारी फेरी तासाभराची आहे, आणि अडीचशे किलोमीटरच्या त्या दिवसात मी हा तास कधीच वगळणार नाही.

गेइरांगर आणि नेरॉय हे दोन फ्योर्ड २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. उन्हाळ्यात इथं मोठमोठी प्रवासी जहाजं येतात, आणि त्यांचा धूर या उभ्या भिंतींमध्ये खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरातल्यासारखा कोंडून राहतो. वारा आत येत नाही, थंड हवा तळाशी बसते. म्हणून १ जानेवारी २०२६ पासून या वारसा फ्योर्डमध्ये १०,००० ग्रॉस टनेजपेक्षा (हे जहाजाच्या आकारमानाचं माप) लहान प्रवासी जहाजांना हवेत कार्बन सोडायला बंदी आहे. मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत सवलत मिळाली. मला ती सवलत पटलेली नाही, कारण सर्वांत जास्त धूर त्यांचाच. पण सुरुवात झाली आहे.

त्या बोटीच्या कठड्याशी उभं राहिलं की ‘सात बहिणीं’च्या बाजूला कड्यावर काही लाकडी घरं दिसतात. क्निव्सफ्लो, आणि समोरच्या काठावर स्कागेफ्लो. पाण्यापासून अडीचशे मीटर वर, जिथं जेमतेम अंगणाएवढी सपाटी आहे तिथं माणसं शेती करत होती, शेळ्या पाळत होती. घरापर्यंत रस्ता नव्हता आणि पुढेही कधी झाला नाही. घरापासून धक्क्यापर्यंत पायवाट, आणि तिथून पुढे होडी. क्निव्सफ्लोवर वरचा कडा सुटण्याचं भय होतं म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते घर रिकामं झालं, स्कागेफ्लो पुढे १९१६ मध्ये.

आईनं बराच वेळ त्या घरांकडे बघितलं. मग म्हणाली, "होडी होती ना बांधलेली खाली. म्हणजे रस्ता दाराशीच होता की."